घरचं उदाहरण

सर, आज अकरा वाजता मला पोलीस ठाण्यात एक अहवाल द्यायचा आहे आणि त्यात माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं नाव आहे. अहवाल लिहून तयार आहे. तुम्ही दिलेल्या पुठ्ठ्याच्या पॅडला लावून ठेवला आहे. पॅडचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला, चिमट्याला दोनदा तेल घातलं तरी कुरकुरतो, पण कागद अजून धरतो. तुम्हाला हे जग सोडून एकोणीस वर्षं झाली. नववीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून, तुमच्या नागरिकशास्त्राच्या तासाला वहीत समास आखणारी मुलगी, एवढीच मी तुम्हाला माहीत. आता मी या गावची पोलीस पाटील आहे. हसू नका. लग्नही गावातल्या गावातच झालं, वरच्या टोलीतून खालच्या टोलीत आले, त्यामुळे माहेर हाकेच्या अंतरावर. त्याचं सुख तीस वर्षं भोगलं. आता त्याच हाकेच्या अंतरावरून भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला आहे आणि भाऊबीज बारा दिवसांवर आली आहे.

झालं ते असं. यंदा पावसानं शेवटी दगा दिला. लवकर निघणारा हलका धान कसाबसा निभावला, उशिरा येणारा भारी धान मात्र ऐन लोंबीवर असताना त्याची जमीन भेगाळायला लागली. तलावात पाणी होतं. तलावाचं दार, आपला तुडूम, उघडला, पाटाला पाणी लागलं, आणि नेहमीप्रमाणे तुडमाजवळच्या धानाच्या बांध्या भरल्या, मधल्या ओल्या झाल्या, शेवटच्या बघत राहिल्या. पाटाच्या अगदी शेपटाला दोन बांध्या एकमेकीला लागून आहेत. वरची ढोलकीवाल्या काकांची. भजनात ढोलकी वाजवतात म्हणून सगळं गाव त्यांना तसंच म्हणतं. खालची चक्कीवाल्या चाचांची. तुमच्या वेळी त्यांच्या वडिलांकडे चक्की होती, तुम्ही शाळेतून जाताना तिथं थांबून पाणी प्यायचा. दोघांच्या मध्ये मातीचा एकच धुरा. त्या दिवशी काकांच्या बांधीत कसंबसं घोट्याएवढं पाणी आलं. काका जेवायला घरी गेले, परत आले तर बांधी कोरडी आणि चाचांच्या बांधीत पाणी चमकतंय. धुरा फोडला, असं काकांनी धरलं. मी हातही लावला नाही, असं चाचा म्हणाले. आईबहिणीवरून सुरू झालं, मग काका चाचांच्या धर्मावर घसरले आणि त्यांची गचांडी धरली. चाचांनी हातातल्या फावड्याचा दांडा काकांच्या डोक्यात घातला. टाके पडले. काका रक्तानं भिजलेले असताना कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत गोंदियाच्या पलीकडे पोचला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन आला. साहेब इकडचे नाहीत, पण भला माणूस आहे, उगाच नाव का ठेवू. म्हणाले, "पाटीलबाई, सीधा लिख दो ना, जातीय तणाव. बंदोबस्त मिळतो, वर कळवायला बरं पडतं." मी म्हटलं, साहेब, भांडण पाण्याचं आहे. "वो तो हमेशा पाण्याचंच असतं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या फोनवर गेले. त्याच दुपारी शहरातून चारचाकीनं काही मंडळी आली, काकांच्या खाटेभोवती बसली, त्यांच्या डोक्याच्या पट्टीचे फोटो घेतले आणि 'त्यांचा जातीयवाद' असं म्हणत परत गेली. त्यांच्या मागोमाग गोंदियाहून चाचांचा पुतण्या आला. तोही म्हणाला, धर्म पाहून आमच्यावर हल्ला झाला असं लिहून द्या, सांप्रदायिक गुन्हा दाखल करायला लावतो. पेपरात दोन ओळी आल्या, 'दोन गटांत तणाव', त्यात पाणी, बांधी, धुरा काहीच नव्हतं. सर, तुमच्या वेळी हा शब्द, जमातवाद, नववीच्या पुस्तकात एका धड्यात होता आणि परीक्षेत पाच मार्कांना यायचा. आता तो चहाच्या टपरीवर, मोबाईलवर, ठाण्यात, सगळीकडे चार नावांनी फिरतो, आणि ज्याच्या तोंडी येतो त्याचं बोट दुसऱ्याकडेच असतं. मला तुम्ही तपासलेली माझी ती उत्तरपत्रिका आठवली.

सहामाही परीक्षा. 'जमातवाद म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.' व्याख्या मी गाईडमधून तोंडपाठ केलेली, काना-मात्रेसह उतरवली. उदाहरण म्हणून लांबच्या कुठल्यातरी शहरातली दंगल घेतली, त्यात दोष कुणाचा हेही मी चौदाव्या वर्षी ठामपणे लिहून टाकलं. पाचपैकी एक. वर्गात मी एवढी रडले की तुम्हीच घाबरलात. पण मार्क बदलले नाहीत. वर्गात पुस्तकी मराठी बोलणारे तुम्ही, रागावलात की तुमच्या चिचगडकडच्या बोलीवर उतरायचा. "व्याख्या पाठ आहे तुह्यी. त्याचा एक मार्क देला. उदाहरण काऊन दुसऱ्याच्या घरचं आणलं? वाईट गोष्टीचं उदाहरण द्याचं असन तं पहिले आपल्या घरात पाहावं. नाही सापडलं तं शेजारच्याच्या घरी जावं. तू तं एकदम रेल्वेनं गेली." सगळा वर्ग हसला. मला तुमचा भयंकर राग आला.

त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला तलावाच्या पाळीवर नेलंत. ऊन कोवळं आहे, आम्ही रांगेनं पाळीवर बसलोय, खाली पाट दिसतोय आणि पाटाच्या दोन्ही बाजूंनी बांध्या उतरत गेल्यात. तुम्ही उभे आहात, चपला हातात. "सांगा, तुडूम उघडला का पाणी पहिले कोणाले भेटते?" ज्याची बांधी तुडमाजवळ त्याले. "अन आखरीले?" शेपटावरच्याले. "शेपटावर कोण कोण आहे?" आम्ही नावं घेतो, त्यात देवळात जाणारे आहेत, मशिदीत जाणारे आहेत, तुमच्यासारखे मोहाच्या झाडाखाली आपला देव मानणारे दोघं आहेत. "मंग पाण्याच्या बाबतीत कोण कोणाचा भाऊ?" मागून कुणीतरी ओरडतं, शेपटावरचे सारे एकमेकाचे. "बराबर. आता समजा, तुडमाजवळचा एक माणूस शेपटावाल्याले येऊन म्हणते, अरे, तू अन मी एका देवाचे, तुह्यं पाणी तो दुसऱ्या देवावाला पिऊन राहिला. शेपटावाल्यानं मानलं. काय होईन?" दोघं भांडतीन. "अन पाणी?" तुम्ही चपला खाली ठेवता. "पाणी तुडमाजवळच राह्यते. आता लिहा. देव मानणं म्हणजे जमातवाद नाही. देवळात जाणं, मशिदीत जाणं, तेही नाही. आमचा देव एक म्हणून आमचं पोटापाण्याचंही एकच, अन दुसऱ्या देवावाल्याचं त्याच्या उलट, असं धरून चालणं अन लोकाईले धरायले लावणं, त्याले जमातवाद म्हणतात." मी लिहून घेतलं. लिहिताना मान वर केली तेव्हा तुडमाजवळची हिरवीगार बांधी दिसली. ती आमची होती, आणि तुडमाची चावी माझ्या बाबांकडे होती.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस त्याच महिन्यातला. तुम्हाला बाबांनीच बोलावलं होतं. शेपटावरच्या लोकांनी पाणी खालून वर द्या, म्हणजे आधी शेवटच्या बांधीला, असा अर्ज केला होता आणि बाबांना त्याविरुद्ध तहसीलला दुसरा अर्ज द्यायचा होता. तुमचं अक्षर छापल्यासारखं, म्हणून तुम्ही लिहावा. मी स्वयंपाकघरात भाकरी भाजत होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "गुरुजी, आपल्या लोकाईसाठी लिहा. ते लोक आपलं पाणी पळवून राहिले." तुम्ही शांतपणे विचारलंत, "शेपटावरून अर्ज देणाऱ्याईत तं तुमचे आपले लोकही आहेत पाटील. त्याईची नावं कोणत्या बाजूले टाकू?" बाबा चिडले. इतक्यात आईनं चहा केला. माझ्यासमोर तिनं कपबशीच्या फडताळाला हात न लावता कोनाड्यातला दांडी तुटलेला कप काढला, तुमच्यासारख्यांसाठी ठेवलेला. मी तो तुमच्यापुढे नेला. सर, मला त्या वेळी काही वाटलंही नाही, हे खरं सांगते. तुम्ही चहा प्यालात, उठून आत आलात, मोरीवर तो कप स्वतः विसळलात आणि न विचारता बरोबर त्याच कोनाड्यात ठेवलात. आईचा चेहरा पांढरा पडला. मग तुम्ही माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणालात, "हा जमातवाद नोहे बरं. हा येगळा रोग आहे, याले येगळं लिहिजो. बाहेर तुह्ये बाबा माणसं मोजाच्या वेळी मले आपला म्हणून राहिले, तो जमातवाद." एवढं बोलून तुम्ही अर्ज न लिहिताच निघालात.

मी आज एवढी मोठी झाले, नातवंडं झाली, तरी कुणी माझा अपमान केला तर माझ्या तोंडून पहिला शब्द वाटेल तो निघतो. तुमच्या हातात दांडी तुटलेला कप होता आणि तुम्ही शब्द निवडत होता. तेव्हापासून मी मनात दोन खण करून ठेवले आहेत. जातीवरून सरपंचबाईंना खुर्चीवर बसू देत नाहीत, ते एका खणात. मतदानाच्या आदल्या दिवशी येऊन 'आपले सगळे एक' असं सांगून जातात, ते दुसऱ्या. ठाण्यात दोन्हीला 'जातीय' हा एकच शब्द चालतो, अहवालाच्या छापील नमुन्यातसुद्धा. मी तिथं भांडते. हवालदार मला मागे 'मास्तरीण' म्हणतात, म्हणू देत.

तर मी भांडणाच्या तिसऱ्या दिवशी शेतात गेले, पॅड काखेत घेऊन. धुऱ्यावर फावड्याची खूण शोधायची होती. कुठंच नव्हती. सगळ्या धुऱ्यावर गवत उभं. मग चाचांच्या बाजूनं खाली बसले आणि तळाशी, मुळांच्या मागं, मुठीएवढं भोक दिसलं, तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या. साडी खोचली, हात घातला, कोपरापर्यंत गेला. पलीकडून बोटं काकांच्या बांधीत निघाली. खेकडा! धान करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं. पाणी कमी झालं की खेकडा धुरा पोखरतो आणि एका दुपारीत बांधी रिकामी होते. ओल्या वर्षी काकांनी आधी भोकच शोधलं असतं, मातीचा गोळा कोंबला असता आणि चाचांना हाक मारून शिव्या खेकड्याला दिल्या असत्या. कोरड्या वर्षी माणसाला आधी माणूस दिसला. मी काकांना खाटेवरून उठवून आणलं. पट्टी बांधलेलं डोकं सांभाळत ते वाकले, हात घातला आणि "आव माय!" करून ओरडले. बोटाला खेकडा लटकलेला. मी म्हटलं, "हा घ्या काका तुमचा आरोपी, जबाब घेऊ का याचा?" ते हसले, आणि हसता हसता धुऱ्यावर बसून रडले.

पण तोवर उशीर झाला होता, सर. आदल्या दिवशी भजनाच्या खोलीत बैठक झाली होती. माझ्या भावानं बोलावलेली. बाबांनंतर तुडमाची चावी त्याच्याकडे आली, आता पाणी समितीचा अध्यक्ष तोच. बैठकीत ठरलं की चाचांच्या चक्कीवर कुणी दळण न्यायचं नाही, त्या घरच्या बायांना धान कापायला सांगायचं नाही, आणि हात वर करून घेतले. पट्टी बांधलेल्या काकांना पुढं बसवलं होतं, त्यांचा हात पहिला. आणखी एक गोष्ट झाली. यंदा शेपटावरच्या अकरा जणांनी पुन्हा तोच जुना अर्ज दिला होता, पाणी खालून वर द्या म्हणून. त्यावर काका आणि चाचा दोघांचे अंगठे शेजारी शेजारी होते. बैठकीनंतर काकांनी आपला अंगठा मागे घेतला, मग आणखी चौघांनी. अर्ज मेला. मी धुऱ्यावर काकांना म्हटलं, आता तर खरं कळलं ना, चला, चक्कीवर दळण न्या. ते बोटाकडे बघत म्हणाले, "हात वर केला ना वो बाई साऱ्याईसमोर. आता खाली कसा करू?" मग पट्टी सारखी करत, "तू लिही. म्या पाह्यलं म्हणून लिही. पण गावात वाचू नोको." त्यांनी अंगठा दिला. चक्कीवर मात्र ते अजून गेलेले नाहीत.

मी गेले. गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन, भर दुपारी, मधल्या रस्त्यानं, सगळ्यांना दिसेल अशी. घरापुढच्या मांडवात बसलेल्या बाया डब्याकडे बघत राहिल्या. चक्की बंद होती, चाचा पट्ट्यावरची धूळ पुसत होते. म्हणाले, "पाटीलबाई, मेहेरबानी करायले आली असशीन तं डबा उचल अन जा." मी म्हटलं, मेहेरबानी कसली, घरात पीठ नाही. त्यांनी बटण दाबलं. चक्कीच्या आवाजात मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की भोक सापडलं, पण डोक्यात दांडा तुम्ही घातला, ते मी लिहिणार. "लिहो," ते म्हणाले. "मैंने मारा, ये सच है. भतीजा कुछ भी बोले, धरम-बिरम नहीं था. गुस्सा था. पण बैठकवालं? वो भी लिखोगी?" पीठ गरम होतं, डबा उचलला आणि घरी आले. घरी आमचे हे म्हणाले, भाऊबीज होऊ दे, मग लिही. दोन आठवड्यांत काय बिघडतं? त्यांना मी पोळ्या वाढल्या, त्याच पिठाच्या.

काल सकाळी भावाकडे गेले. आधी सांगून लिहायचं, पाठीमागून नाही, असं मी ठरवलं होतं. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मला पाटावर बसवलं. भाऊ बाहेर आला तोच म्हणाला, "मालूम आहे कायले आली. तू माही बहीण होस का पोलीस पाटील?" मी म्हटलं, "दहा वाजेपर्यंत बहीण. दहाले पाटीलकी सुरू होते. आता साडेनऊ झाले, बोल काय बोलाचं ते." तो बोलला. रक्त आमचं सांडलं, आपल्या माणसाच्या मागं उभं राहणं गुन्हा आहे का, तू आपल्या लोकांची की त्यांची. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, काकाच्या बांधीत पाणी कधी सोडशीन?" तो गोंधळला. "तो तुह्या आपला आहे ना? त्याचा धान करपून राहिला. तुह्या दोन बांध्या तुडुंब आहेत. तू त्याच्यासाठी बैठक घेतली, शहरातून माणसं आणली, पाणी काऊन नाही देलं?" वहिनींचा हात सुपात थांबला. भावाचा चेहरा अगदी बाबांसारखा झाला. "हे तुले त्या मास्तरनं शिकवलं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांनी तुमची आठवण त्यानं काढली सर, मी नाही. मी म्हटलं, हो, त्यांनीच. "मंग त्याच्याच घरी जाजो भाऊबीजेले," असं म्हणून तो आत गेला. मी उठले तेव्हा दहाला पाच कमी होते. वहिनींनी माझ्या हातात मूठभर तांदूळ ठेवले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अहवालात मी असं लिहिलं आहे. पहिलं, धुरा खेकड्यानं पोखरला, भोक मी स्वतः पाहिलं, हात घालून पाहिलं, काकांना दाखवलं, चाचांना सांगितलं. दुसरं, चाचांनी दांडा मारला, काकांनी आधी गचांडी धरली आणि धर्मावरून शिवी दिली, दोघांनी कबूल केलं. हे भांडण होतं, जातीय तणाव नव्हता. शिवी वाईटच, पण रागात तोंडातून निघाली आणि तिथंच संपली. तिसरं, त्यानंतर भजनाच्या खोलीत शांतपणे, चहा पिऊन बैठक झाली, त्यात एका धर्माच्या कुटुंबावर बहिष्कार ठरवला गेला, आणि त्यामुळे शेपटावरच्या शेतकऱ्यांचा पाण्याचा अर्ज मोडला, ज्याचा फायदा तुडमाजवळच्या शेतकऱ्यांना झाला. बैठक कुणी बोलावली त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. या तिसऱ्या परिच्छेदात मी तुमचा शब्द एकदाच वापरला आहे, जमातवाद. साहेब म्हणतील, हा शब्द नमुन्यात नाही, काढा. मी काढणार नाही. सगळे तो डोक्याच्या पट्टीवर चिकटवत होते, मी तो बैठकीवर लिहिला आहे, जिथं त्याची जागा आहे. पहिल्या मसुद्यात मात्र 'काही ग्रामस्थांनी' असं लिहिलं होतं. ते फाडलं. घरचं उदाहरण द्यायचं तर नावानिशी द्यायला हवं.

आता साडेदहा होत आले. मघाशी सांगितलं नाही ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पॅड उचलवत नाही. तुम्ही अर्ज न लिहिता निघून गेलात, त्यानंतर आठवड्याभरात शाळेच्या कमिटीकडे तुमच्याविरुद्ध तक्रार गेली. हा शिक्षक मुलांना तलावावर नेऊन गावात जातीय तेढ पसरवतो, अशी. ज्या माणसानं तो शब्द समजावला त्याच्यावरच तो टाकला. तुमची बदली झाली, वर्षाच्या मध्येच, लांबच्या शाळेत. जायच्या दिवशी तुम्ही मला बोलावून हे पॅड दिलंत, दहावीच्या परीक्षेला होईल म्हणालात. तुम्ही काहीच विचारलं नव्हतं, तरी मी घाईघाईनं बोलून गेले, "सर, ती तक्रार कोणं लिहिली मले माहीत नाही." तुम्ही पॅडचा चिमटा उघडून, मिटून पाहिलात. मग म्हणालात, "कोणी का लिहिना. अक्षर चांगलं होतं."

बाबा सांगत गेले आणि मी लिहीत गेले होते, सर. भाकरी झाल्यावर, चुलीजवळ बसून. दोन वर्षं माझे पेपर तपासणाऱ्या तुम्हाला ते अक्षर ओळखू आलं नसेल, असं स्वतःला सांगत मी पस्तीस वर्षं काढली. दवनीवाड्याच्या बाजारात एकदा तुम्ही दिसलात, सायकल धरून भाजी घेत होतात, तेव्हा मी दुकानाच्या आड उभी राहिले. हे पत्र कुठं पाठवणार? पॅडच्या चिमट्यात अहवालाखाली आहे, तो काढून दिला की पॅडवर हेच उरेल. अहवाल त्याच अक्षरात आहे. मी बदललं नाही.